गल्लीतल्या अक्कांची भाकरी, आमटी मात्र घरचीच

रिव्ह्यू लिहायचा म्हणजे हॉटेलचं नाव लागतं, मेन्यूकार्डाचा फोटो लागतो, पार्किंग आहे का ते सांगावं लागतं. इथं यातलं काहीच नाही. बोर्ड नाही, नाव नाही, मॅपवर शोधायला गेलं तर शेजारचं मिरची कांडप दाखवतंय. सोलापुरात पूर्व भागात, जोडबसवण्णा चौकातून आत शिरलं की एका गल्लीत एका घरापुढं पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये दोन चुली आणि चुलीमागं अक्का. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून मीपण अक्काच म्हणतो, नाव विचारायची वेळ आली नाही. मिळतं काय तर भाकरी. ज्वारीची गरम, ज्वारीची कडक, थंडीत बाजरीची, आणि सोबत शेंगाचटणी. बास. भाजी नाही, आमटी नाही, बसायला खुर्ची नाही. दोन वर्षं झाली, आठवड्यातले चार दिवस तरी आमच्याकडं इथलीच भाकरी असते, म्हणून म्हणलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आधी आमच्या घरचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भाकरीचा कसला रिव्ह्यू बे. आई 74 वर्षांची. दोन वर्षांमागं बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण थापायला जोर लागत नाही ते नाहीच. बायको हॉस्पिटलमध्ये नर्स, तिच्या शिफ्ट तिलाच माहीत. मी नवी पेठेत एका हिशेबाच्या ऑफिसात, घरी यायला साडेसात, आणि जुलै-सप्टेंबरात रिटर्नच्या तारखा आल्या की साडेनऊ. पोरगी आठवीत, शाळा, क्लास, परत क्लास. पोळ्या आम्ही कुणीपण लाटतो, त्याचं काही नाही, गव्हाचं पीठ समजूतदार असतं. ज्वारी तसली नाही. आणि आमच्या घरात रात्रीच्याला भाकरी नसली तर आई जेवते, पण "जेवले" म्हणत नाही, "खाल्लं दोन घास" म्हणते.

मी शिकायला गेलो होतो. दीड महिना. आई खुर्चीवर बसून सूचना द्यायची आणि मी परातीपुढं. पहिले आठ दिवस तर भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही, उचलली की हातातच दोन तुकडे. मग कळलं की ज्वारीला गव्हासारखा चिवटपणाच नसतो, गव्हातलं ते ग्लुटेन तिच्यात नाही, म्हणून कढत पाण्यानं पीठ जरा शिजवून घ्यावं लागतं तेव्हा कुठं ते एकमेकाला धरून राहतं. आणि पीठ जुनं झालं की तेपण धरत नाही. आई त्याला पिठाची विरी गेली म्हणते. दुकानातनं आणलेली पिठाची पिशवी, तारीख बघितली तर तीन महिन्यांपूर्वीची, आईनं चिमूट बोटात चोळली आणि म्हणाली, "ह्याची धिरडी घाल, भाकरीचा नाद सोड." दीड महिन्यानं माझी भाकरी भाकरीसारखी दिसायला लागली, पण एका भाकरीला दहा मिनिटं आणि घरात माणसं चार, प्रत्येकी दोन, तुम्हीच गुणाकार करा.

मधल्या काळात विकतचं सगळं करून बघितलं. ऍपवरनं घरगुती थाळी मागवली, तिच्यातली भाकरी फॉइलमध्ये गुंडाळून आली ती वाफेनं इतकी ओली झालेली की टॉवेलसारखी पिळता आली असती, आणि टॉवेल आमच्या गावात याच्यापेक्षा चांगले मिळतात. हायवेवरच्या एका हॉटेलात गेलो, दारात बैलगाडीचं चाक, कंदील, वेटरला फेटा, भिंतीवर मोठ्या अक्षरात "चुलीवरची भाकरी". चूल होती, पण दर्शनी भागात, फोटोपुरती. हात धुवायला मागं गेलो तर भाकऱ्या गॅसवर चालल्या होत्या. गॅसवरची भाकरी वाईट असते असं नाही, आमच्या आईनं आयुष्यभर गॅसवरच केली. पण मग चुलीचे पैसे का लावता राव.

तर अक्का. तिथं पोचलो ते शेंगाचटणीच्या निमित्तानं. ऑफिसातल्या शिपायानं डब्यात आणलेली चटणी खाल्ली, कुठली विचारलं, तो म्हणाला आमच्या गल्लीतल्या अक्कांची, भाकरी पण करतात. संध्याकाळी त्याच्याच मागं गाडी लावून गेलो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सात-आठ माणसं उभी होती. एक रिक्षावाला, दोन पोरी क्लासच्या बॅगा अडकवलेल्या, एक म्हातारे गृहस्थ हातात स्टीलचा डबा, एमआयडीसीतनं सुटून आलेली दोन पोरं. रांग वगैरे नाही, पण आधी कोण आलं ते अक्कांच्या डोक्यात पक्कं असतं. सुनेशी तेलुगूत बोलतात, शेजारच्या बाईशी कन्नडमध्ये, गिरणीवाल्या चाचाशी दखनीत, माझ्याशी मराठीत, आणि यातलं काहीही बोलताना हात थांबत नाही. एकच भाकरी, कुणी जोन्ना रोट्टे मागतं, कुणी जोळद रोट्टी, मिळतं सगळ्यांना सारखंच. मी म्हणलं दहा द्या. त्या म्हणाल्या, "डबा कुठाय मालक?" डबा नव्हता. "मग पाचच न्या, पेपरात देते, बाकीची वाया घालवू नका." गिऱ्हाईकाला कमी माल घ्या म्हणणारं दुकान मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

आता भाकरी कशी करतात ते लिहितो, कारण दर वेळी मी तेच बघत उभा असतो आणि फोन खिशातच राहतो. परातीत पीठ, मध्ये खळगा, त्यात चुलीवरच्या पातेल्यातलं कढत पाणी, आधी उलथन्याच्या दांड्यानं ढवळून मग हातानं. एका वेळी एका भाकरीचंच मळायचं, गोळे करून ठेवलेले कधी दिसणार नाहीत. मळणं म्हणजे तळहाताच्या टाचेनं रगडणं, पुढं ढकलायचं, ओढून घ्यायचं, सात-आठ वेळा, मग तो गोळा असा गुळगुळीत होतो की त्याच्यावर बोटाचा ठसा उमटावा. खाली कोरडं पीठ भुरभुरलं की थापायला सुरुवात. उजवा हात थापतो, डावा कड सावरतो, आणि भाकरी आपली आपण गोल फिरत राहते, ती कुणी फिरवत नाही, थापण्यातच ते फिरणं असतं. दीड महिना घालवून मला जे जमलं नाही ते हेच. मग दोन्ही हातांवर उचलून तव्यावर, पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात. हे पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची, उशीर झाला की भाकरी तडकते. दुसरी बाजू झाली की चुलीतनं पुढं ओढलेल्या आरावर टेकवून धरायची. तिथं ती टम्म फुगते, कधी एखाद्या ठिकाणी भोक पडून फुस्स करून वाफ सोडते, ती अक्का बाजूला ठेवतात, स्वतःच्या घरासाठी. मी घड्याळ लावून बघितलंय, दोन चुली आणि सून मदतीला असली की मिनिटाला एक भाकरी होते, कधी त्याच्यापेक्षा जास्तच.

एवढा हात कसा बसला विचारलं तर म्हणाल्या आधी विड्या वळत होत्या. पूर्व भागात निम्म्या घरांतल्या बायकांनी विड्या वळल्यात, त्याची मजुरी हजाराच्या हिशेबानं, त्यामुळं हाताला वेग आणि डोक्यात मोजणी, दोन्ही तिथनंच. वही नाही. कुणाच्या किती झाल्या, कुणाचे मागचे 30 राहिले, सगळं तोंडी. माझा धंदाच हिशेबाचा आहे आणि दोन वर्षांत एकदाच चूक सापडली, तीपण माझीच निघाली.

ज्वारी मालदांडीच वापरतात. मालदांडी म्हणजे आपल्या काळ्या रानातला शाळू, मोहोळच्या संशोधन केंद्रातनं निवडून काढलेलं वाण, एम 35-1 म्हणून सरकारी नाव. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 साली भौगोलिक मानांकन पण मिळालंय, पण अक्कांना त्याचं काही कौतुक नाही, त्यांचं म्हणणं मानांकन नव्हतं तेव्हा पण ती गोडच होती. सुगीनंतर नवी ज्वारी आली की पोती भरून घेतात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतात, आणि दळण एक दिवसाआड, चार घरं सोडून चाचाच्या गिरणीत. म्हणजे तुम्ही खाताय ते पीठ जास्तीत जास्त दोन दिवसांचं. अख्ख्या रिव्ह्यूतनं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. चूल, निखारे, बैलगाडीचं चाक हे सगळं नंतर.

पहिल्या दिवशी आईला काहीच सांगितलं नाही. "विकतची भाकरी" हा शब्द आमच्या घरात काढायची सोय नव्हती, पोळी विकत आणली तर चालते, भाकरी विकत आणली म्हणजे घरात बाईमाणूस आजारी आहे असं लोकांना वाटतं, हे तिचं मत. ताटात वाढली. तिनं आधी कड मोडून बघितली, मग वरचा पापुद्रा उचलला, तो न फाटता अर्ध्या भाकरीपर्यंत निघाला, आतनं वाफ आली. चतकोर आमटीत कुस्करला, खाल्ला. मला वाटलं आता विचारणार कुठल्या हॉटेलातनं आणली. तिनं विचारलं, "कुणाच्या घरची रे?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मीठ घातलंय. भाकरीत मीठ घालत नाहीत." आणि दुसरी घेतली.

बाकी स्वयंपाक मात्र आम्ही घरीच करतो, आणि खरं सांगायचं तर भाकरीची चिंता मिटल्यापासनं तो जास्त मजेत करायला लागलोय. आधी सगळा जीव भाकरीत जायचा आणि सोबत काहीतरी पिठलं ढवळायचं. आता घरी यायच्या वाटेवर डबा भरून आणला की समोर फक्त एक आमटी किंवा एक भाजी, पाऊण तासाचं काम. माझी हातखंडा म्हणजे शेंगदाण्याची आमटी. मूठ-दोन मूठ शेंगदाणे खमंग भाजायचे, सालं काढायची नाहीत, थोडं पाणी घालून वाटायचे. करडईच्या तेलात जिरं, ठेचलेला लसूण भरपूर, तो लाल व्हायला लागला की गॅस बारीक करून काळं तिखट, नाहीतर तिखट जळतं आणि शेजारच्या तीन घरांना ठसका. मग ते वाटण, पाणी, मीठ, चिमूटभर गूळ घालायचा का नाही यावरनं आमच्याकडं दोन पक्ष आहेत. उकळी आली की वर तेलाचा तवंग येतो तो शेंगदाण्याचाच असतो, वरनं तेल ओतायची गरज नाही. हॉटेलवाले इथंच चुकतात, तर्री दिसली पाहिजे म्हणून तेल ओततात आणि मग रात्रभर छातीत जळजळ.

काळं तिखट पण घरचंच. एप्रिलमध्ये मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, धने, तीळ, खोबरं, कांदा, दगडफूल सगळं एकेक करून काळपट होईपर्यंत भाजायचं, आणि कांडपातनं कुटून आणायचं. यंदा ते अक्कांच्या शेजारच्या कांडपातच दिलं, जे मॅपवर दिसतंय तेच, शिंका फुकट.

दुसरा प्रकार म्हणजे गरगट्टा. हा बाहेरच्या लोकांना सांगून कळत नाही, नावावरनं त्यांना वाटतं काहीतरी बिघडलेलं असणार. पालक, चुका, मेथी, थोडा शेपू, जी मिळेल ती पालेभाजी, डाळ आणि शेंगदाणे सगळं एकत्र शिजवून रवीनं घोटायचं आणि वरनं लसणाची फोडणी. पालेभाजी मी सकाळी फिरून येतानाच घेतो. पोरगी बाजारात मिळणारं सगळं पिझ्झाबिझ्झा खाते, पण गरगट्ट्यात भाकरी कुस्करून मध्ये आळं करून त्यात कच्चं तेल ओतून खायला ती आजीच्या शेजारी बसते, हे मी इथं लिहिलंय तिला सांगू नका.

कडक भाकरी हा वेगळा विषय आहे. अक्कांची गरम भाकरी एक नंबर, कडक भाकरी पावणेएक म्हणू. ती पातळ थापायची असते, पापडासारखी, फुगवायची नसते, दोन्हीकडनं भाजून मग चुलीच्या कडंनं उभी लावून त्या धगीवर वाळू द्यायची. पाण्याचा अंश राहिला नाही की महिनाभर तरी काही होत नाही. पुण्याला शिकायला असलेल्या पोरांच्या बॅगांत ह्याच जातात, शनिवारी रात्री अक्कांकडं गर्दी बघा, रविवार-सोमवारच्या सकाळच्या पुण्याच्या गाडीनं, हुतात्मा एक्स्प्रेसनं निघणारी सगळी जनता तिथं असते, आयांनी पाठवलेली. दही, चटणी, चुरलेली कडक भाकरी, वर कच्चा कांदा, होस्टेलवर याच्यापुढं काय पाहिजे. पण अक्कांच्या कडक भाकरीची कड कधी कधी करपते, गर्दीत लक्ष राहत नाही, आणि दहाच्या चवडीत दोन-तीन तरी तुटलेल्या निघतात. चुरूनच खायच्या असल्या तरी पाहुण्यांना द्यायला अख्खी लागते ना. कडक भाकरीच न्यायची असेल तर बाळीवेस, मंगळवार पेठेकडं चटणी-भाकरीची दुकानं आहेत, तिथं पॅकिंग चांगलं मिळतं. गरमसाठी मात्र अक्का.

चटणीबद्दल. शेंगाचटणी सोलापूरची म्हणून जगभर मिळायला लागलीये, पण बऱ्याच ठिकाणी ती म्हणजे शेंगदाण्याचा कूट आणि त्यात तिखट, इतकंच. खरी चटणी कुटून कुटून तेल सुटेपर्यंत करायची असते, बोटात दाबली तर गोळा झाला पाहिजे आणि बोटाला तेल लागलं पाहिजे. अक्का उखळात कुटतात, भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. कोरडी खाऊन बघा, आधी दाण्याचा गोडवा येतो, मग लसूण, आणि तिखट सगळ्यात शेवटी, घशात. तिखटपणा दर खेपेला वेगळा असतो हा तिचा दोष, आणि विचारलं तर "मिरचीला विचारा" म्हणतात. मागच्या मे महिन्यात एकदा खवट वास आला. मी परत घेऊन गेलो, जरा बिचकतच, पाव किलोचे 90 रुपये मागायला गेलाय असं नको वाटायला. अक्कांनी चिमूट तोंडात टाकली, काही बोलल्या नाहीत, आत जाऊन अख्खी बरणी आणली आणि म्हशीवाल्याच्या बादलीत पालथी केली. पैसे परत दिले. त्यानंतर पंधरा दिवस चटणी बंद होती, कुणी मागितली तर "दाणे चांगले न्हाईत" एवढंच उत्तर.

तक्रारी अजून आहेत, लिहितो, नाहीतर माझं नातं असल्यासारखं वाटेल.

वेळ. सकाळी 11 ते 1 आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, पण ही वेळ पक्की नाही. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते ज्या दिवशी अक्कांच्या गल्लीत येतं त्या दिवशी पाणी भरून झाल्याशिवाय चूल पेटत नाही. आमच्या भागात पाणी वेगळ्या दिवशी, त्यामुळं मी दोन्हीकडची वेळापत्रकं पाठ केलीयत. एप्रिल-मे मध्ये दुपारचं बंदच असतं, बाहेर 43 डिग्री आणि पत्र्याखाली दोन चुली, कोण बसणार, बरोबरच आहे. फोनवर ऑर्डर घेतात, पण फोन सून उचलते आणि ती म्हणते अक्कांना विचारून सांगते, आणि मग सांगत नाही.

धूर. ही माझी खरी तक्रार आहे. शेडला धुराडं नाही, वारा उलटा असला की उभं राहणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं, शर्टाला वास लागतो, बायको दारातच ओळखते. आपण दहा मिनिटं उभं राहतो, अक्का चार-पाच तास तिथंच. खोकतात. मी दोनदा म्हणलं एक पाइप काढून वर सोडा, फार खर्च नाही, त्यांनी "बघू की" म्हणलं, म्हणजे होणार नाही. चुलीवरच्या चवीचं कौतुक करताना हे पण लिहायला पाहिजे, नुसती चव चव करून भागत नाही.

आणि मीठ. आई अजून त्या मुद्द्यावर ठाम आहे.

दर सांगतो. गरम ज्वारी 15 रुपये, बाजरी 18, कडक दहाची चवड 130, चटणी पाव किलो 90. हायवेच्या त्या फेटेवाल्याकडं एका भाकरीचे 40 घेतले होते. मध्ये एक माणूस भाव करायला लागला, पंधरा घेतो बारानं द्या म्हणून, अक्कांनी परात त्याच्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "थापा की मालक, फुकट न्या." तो गप्प पंधरानंच घेऊन गेला.

यायचं असेल तर थंडीत या. वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, रानात पूजा करून तिथंच जेवायचा सण, तिच्या आदल्या दिवशी तर अक्कांकडं पाय ठेवायला जागा नसते, ज्यांचं रान राहिलंय ते आणि ज्यांचं विकलं गेलंय तेपण, सगळ्यांना त्या दिवशी भज्जी, आंबील आणि कडक भाकरी लागतेच. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे दिवस. 12 तारखेला, 1931 साली त्याच दिवशी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला हार घालून झाले की दुसऱ्या दिवशी भोगी, सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, सगळं गाव पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर, आणि घराघरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. अक्का त्या दिवशी पहाटेपासनं बाजरीच करतात, ज्वारी मागायची नाही. यंदा मी सकाळी सहाला गेलो तरी माझ्यापुढं वीसएक माणसं. तीळ लावायचं काम सून करत होती, पाण्याचा हात फिरवला की वरनं तीळ चिमटीनं, मग उलटल्यावर तव्यावर तडतड आवाज, आणि तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत. त्या दिवशी धुराची तक्रार माझ्यापण लक्षात राहिली नाही.

एवढ्यात आईनं एक दिवस मला तिकडं ने म्हणून हट्ट धरला. गाडीवर मागं बसवून नेली. अक्कांनी तिच्यासाठी आतनं प्लास्टिकचं स्टूल आणलं, जे माझ्यासाठी दोन वर्षांत कधी आलं नाही. दोघी बोलत बसल्या, ज्वारी किती पोती, पाला कडुनिंबाचाच का, मनगट कुठं मोडलं. मिठाचा विषय आईनं काढलाच. अक्का म्हणाल्या आमच्याकडं घालतात, आई म्हणाली आमच्याकडं घालत नाहीत, विषय संपला. मग आई म्हणाली, "एक करू का?"

अक्का उठल्या. आई पाटावर बसली, परात पुढं ओढली. मळायला सुनेनं मदत केली, थापली मात्र आईनं. डाव्या हातानं जास्त, उजवा नुसता सोबतीला. चार-पाच थापांनंतर भाकरी फिरायला लागली. जाड झाली, एका बाजूला कड फुटली, आरावर धरली तेव्हा निम्मीच फुगली. मागं उभी असलेली सगळी गिऱ्हाइकं गप्प उभी होती, एकानंपण घाई केली नाही, आणि सोलापुरात संध्याकाळी सात वाजता भाकरीच्या रांगेत हे होत नसतं.

अक्कांनी ती भाकरी आमच्याच डब्यात वरती ठेवली. मी म्हणलं अकरा घेतल्या, किती झाले. "बारा," अक्का म्हणाल्या, "एकशे ऐंशी." मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आईच म्हणाली, "दे की, पीठ तिचं हाय." घरी येऊन ती जाड भाकरी तिनं कुणालाच दिली नाही.

जाताना सुती फडकं घातलेला डबा घेऊन जा, झाकण थोडं उघडं ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत आणलीत तर घरी येईस्तोवर ओली होणार आणि मग मला शिव्या घालू नका. क्यूआर कोड लावलेला आहे, पण धुरानं काळा झालाय, स्कॅन होत नाही. सुट्टे न्या.